लिंबची बारा मोटांची विहीर

वाईस येणारा यात्रेकरू प्रथम पाण्याकडे उतरतो. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी घाटांची नावे येथील मुलांस पाढ्यांप्रमाणे पाठ असतात, आणि गावाची खरी ओळख त्या घाटांच्या पायऱ्यांवरूनच होते. गणपती आळीच्या घाटावर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधविलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची निमुळती केलेली आहे. कृष्णेला पूर आला म्हणजे पाण्याचा लोंढा तेथे दुभंगतो व देवळास धक्का न देता दोन्ही अंगांनी निघून जातो. तेथून थोड्याच अंतरावर मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा व त्याखालील अर्धचंद्राकार घाट आहे. या साऱ्या बांधकामांचा हेतू एकच दिसतो. माणसाला सुखाने पाण्यापर्यंत उतरता यावे, आणि पाणी चढून आले तर देवाला व माणसाला त्यापासून राखावे.

परंतु पाण्याशी माणसाचा आणखी एक व्यवहार आहे आणि तो याच्या अगदी उलट आहे. पाण्याकडे आपण उतरावयाचे नाही, तर पाण्यालाच वर आपल्या शेतापर्यंत चढवावयाचे. हा व्यवहार कुणब्याचा. त्याची बांधकामे सहसा साधी असतात; चार ओबडधोबड दगड, दोन खांब आणि एक चाक एवढ्यावर ती उभी राहतात व पडतातही. त्यांस शिल्पाचा मान मिळाल्याचे उदाहरण विरळा. असे एक उदाहरण वाईहून कृष्णेच्या काठाकाठाने खाली गेल्यास, साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावच्या शिवारात आढळते. लोक त्यास बारा मोटांची विहीर म्हणतात. ही विहीर आज पाहावयास येणाऱ्यांची तेथे रीघ असते. मात्र जे पाहावयाचे ते बहुतेकांच्या नजरेतून निसटते, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम विहिरीचे स्वरूप सांगितले पाहिजे. मुख्य विहीर अष्टकोनी असून तिच्या एका अंगास लांबट आकाराची पायऱ्यांची उपविहीर जोडलेली आहे. वरून पाहता दोहोंचा मिळून आकार शिवाच्या पिंडीसारखा दिसतो. मुख्य विहिरीचा व्यास सुमारे ५० फूट व खोली सुमारे ११० फूट सांगतात. रुंद दगडी जिन्याने आपण उतरू लागलो की उजेड मागे राहतो, अंगास गारवा लागतो आणि समोर कमानीखालचे दार येते. दोन विहिरींच्या मधल्या जागेत, पुलासारखा, एक लहानसा महाल बांधलेला आहे. जमिनीच्या पोटात असूनही त्यास वारा व उजेड यांची वाण नाही, कारण त्याच्या दोन्ही बाजूंस विहिरींची मोकळी पोकळी आहे. महालाच्या खांबांवर गणपती, मारुती, फुले, हत्तीस्वार, घोडेस्वार अशी शिल्पे कोरलेली आहेत. बाहेरील भिंतीवर व्याघ्रसदृश पशूंची जोरकस चित्रे असून त्यांतील एकाच्या पंजांत हत्ती सापडलेले दाखविले आहेत. भिंतीतील अरुंद जिन्यांनी महालातून वर जाता येते. वरच्या मोकळ्या सज्जावर बसण्याची दगडी बैठक आहे. तेथे छत्रपती शाहू व पुढे प्रतापसिंह महाराज बसत असत, अशी परंपरा सांगतात.

आम्ही गेलो तेव्हा चैत्र महिना होता. आमच्यातील जो तो खांबांवरील चित्रे निरखण्यात व पशूंच्या पंजांतील हत्ती मोजण्यात गढून गेला होता. बरोबर शेजारच्या गावचे एक वयोवृद्ध शेतकरी होते. त्यांनी महालाकडे एकवार पाहिले न पाहिलेसे केले आणि ते वर जाऊन काठाभोवती फिरू लागले. थोड्या वेळाने त्यांनी वरूनच हाक दिली, "गुरुजी, खांब लई बघून झालं. बैलं कुन्या अंगानं पळत हुती, त्ये कुनी बघितलं का?" आम्ही ते पाहिले नव्हते. पाहण्यासारखे काही असेल, हेच आमच्या ध्यानात आले नव्हते. तारुण्यात मोट हाकलेल्या त्या गृहस्थांनी मग पायाने जमीन चाचपीत धावेचा उतार कोठून सुरू झाला असेल आणि पाणी कोणत्या अंगाने पाटाला लागले असेल, हे दाखविले. त्या क्षणापासून ती विहीर आम्हांस निराळी दिसू लागली. तोवर आम्ही महाल पाहत होतो. आता यंत्र पाहू लागलो.

हे यंत्र कसे चालत असे, हे आज पन्नाशीच्या आतील वाचकांस सांगणे प्राप्त आहे. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिला खालच्या अंगास हत्तीच्या सोंडेसारखी एक निमुळती नळी असते. मोटेचे वरचे तोंड एका जाड दोराने, म्हणजे नाड्याने, काठावरील उंच चाकावरून बैलांच्या जोखडाशी बांधतात. सोंडेची बारीक दोरी खालच्या कण्यावरून तशीच बैलांकडे नेलेली असते. विहिरीपासून दूर जाणारा जो उतरता रस्ता त्यास धाव म्हणतात. बैल धावेने उतरू लागले की त्यांच्या ओढीस त्यांचे स्वतःचे वजनही साहाय्य करते आणि भरलेली मोट वर येते. वर येईपर्यंत सोंड दोरीने वर वळलेली असते, त्यामुळे पाणी सांडत नाही. काठाशी येताच सोंड सरळ होऊन थारोळ्यात पडते, पाणी भसकन ओतले जाते आणि पाटाने शेताकडे धावते. मग बैल पाठमोरे धाव चढतात व रिकामी मोट खाली जाते. मोठी मोट एका खेपेस शे-दीडशे लिटर पाणी सहज आणीत असे. विहीर जितकी खोल तितकी धाव लांब, आणि धाव जितकी लांब तितक्या दिवसभरातील खेपा कमी. म्हणून खोल विहिरीतून पुष्कळ पाणी हवे असेल, तर एकाच मोटेची घाई करून भागत नाही. मोटांची संख्याच वाढवावी लागते.

लिंबच्या विहिरीचे रहस्य या एका हिशेबात आहे. तिच्यावर पंधरा मोटांची जागा असून एका वेळी बारा मोटा चालत, असे सांगतात, आणि मोटांच्या जागा काठाच्या दगडांत ओळखू येतात. मोटेगणिक एक जोडी धरली तरी बारा मोटांस चोवीस बैल लागणार, आणि प्रत्येक जोडीस आपली स्वतंत्र धाव हवी. ५० फूट रुंद तोंडाचा घेर दीडशे फुटांहून अधिक भरतो. इतका घेर असल्यावाचून एवढ्या मोटा एकमेकींस न अडखळता चालणे शक्य नाही. म्हणजे विहिरीचे विशाल तोंड हे केवळ राजवैभवाचे प्रदर्शन नव्हे, ती कामाची गरज आहे. उरलेल्या तीन जागांविषयी आमचा तर्क असा की, एखादी मोट फाटली, चाक मोडले किंवा दोर तुटला तरी पाण्याचा ओघ खंडू नये, म्हणून त्या राखीव ठेविलेल्या असाव्यात. ज्याने ही योजना केली त्याने आधी बैल मोजले आणि नंतर दगड मोजले. महालाचा विचार या दोहोंनंतरचा.

येथे एक शंका सहजच मनात येते. कृष्णा लिंबच्या जवळूनच वाहते, मग एवढा खटाटोप कशासाठी? ज्यांनी धरणे होण्यापूर्वीची कृष्णा उन्हाळ्यात पाहिली किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल, त्यांस उत्तर सांगावयास नको. श्रावणात देवळांच्या भिंतींवर धडका देणारी ही नदी वैशाखात डोहाडोहांपुरती उरत असे. शिवाय तिचे पात्र खोल आणि शेते उंच, त्यामुळे पाणी डोळ्यांस दिसावे पण पिकास मिळू नये, अशी स्थिती. विहिरीचे पाणी मात्र बागेच्या अगदी उशाशी असते.

ही बाग आंब्याची होती. तीनशे झाडांची आमराई जगविण्यासाठी ही विहीर खोदली, असे परंपरा सांगते. आंब्याचे झाड एकदा मुळांनी खोल गेले की त्यास पाण्याची फारशी अपेक्षा राहत नाही; पहिली काही वर्षे मात्र त्याचा प्रत्येक उन्हाळा राखावा लागतो. अर्थात बारा मोटा हे काम केवळ फळे खाणाऱ्याचे नव्हे, नवी लागण करणाऱ्याचे आहे. आणि लागण करणाऱ्याची दृष्टी नेहमीच लांबची असते. जोंधळा पेरणारा चार महिन्यांच्या भरवशावर पेरतो. कलमे न बांधता कोय पुरणारा मनुष्य मात्र सात-आठ वर्षांनी आपण, नाहीतर आपले कोणी, येथेच असू, असे धरून चालतो.

असा भरवसा या मुलखात केव्हा उत्पन्न झाला, हे पाहण्यासाठी विहिरीच्या काळाकडे वळले पाहिजे. आणि येथेच एक मोठा घोटाळा निस्तरावा लागतो. विहिरीचे बांधकाम १६४१ ते १६४६ या वर्षांत श्रीमंत विरूबाई भोसले यांनी केले, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते, आणि त्या आकड्यांमागे 'इसवी सन' ही अक्षरे बेधडक जोडलेली असतात. एकाचे पाहून दुसऱ्याने व दुसऱ्याचे पाहून तिसऱ्याने हा सन उतरून घेतला आहे. वास्तविक हे आकडे शकाचे आहेत. शके १६४१ म्हणजे विकारी संवत्सर, इसवी सन १७१९-२०. शके १६४६ म्हणजे क्रोधी संवत्सर, इसवी सन १७२४-२५. इसवी सन १६४१ मध्ये शिवाजी महाराज अकरा वर्षांचे होते. सातारा व वाई हा प्रांत विजापूरच्या आदिलशाहीत होता, आणि अफझलखान वाईचा सुभेदार होऊन यावयासही अजून अवकाश होता. विरूबाई तर शाहू छत्रपतींच्या परिवारातील, आणि शाहूंचा जन्मच मुळी १६८२ चा. ७८ वर्षांची ही चूक केवळ आकड्याची म्हणून सोडून देता येत नाही. तिने विहीर एका युगातून उचलून दुसऱ्या युगात नेऊन ठेविली जाते आणि मग तिचा अर्थच नाहीसा होतो.

खरा काळ धरला म्हणजे सारे चित्र उजळते. १६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हा सात वर्षांचे शाहू मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागले. पुढील सतरा-अठरा वर्षे त्यांनी बादशहाच्या छावणीत काढली. १७०० मध्ये साताऱ्याचा किल्लाही औरंगजेबाने घेतला. या मुलखातून फौजांमागून फौजा गेल्या. अशा दिवसांत येथे आंब्याची कोय पुरणारा मनुष्य वेडाच ठरला असता. १७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू सुटले व १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. तरी घरचा कलह व सरदारांची ओढाताण चालूच होती. अखेर १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले आणि येसूबाईही तीस वर्षांच्या कैदेनंतर साताऱ्यास आल्या. त्याच शके १६४१ मध्ये लिंबच्या विहिरीवर पहिला शक पडतो. हा योगायोग असेल, परंतु तो बोलका आहे. राज्याला स्थैर्य आले, याचा पुरावा इतिहासकार सनदांत व तहनाम्यांत शोधतात. तो लिंबच्या शिवारातही ११० फूट खोल कोरून ठेविलेला आहे. ज्या पिढीचे बालपण छावणीच्या राहुट्यांत गेले, तिने घर मिळताच आमराई लावावी, यात मनुष्यस्वभावाचे किती हृद्य दर्शन आहे!

विरूबाईंचे चरित्रही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या पट्टाभिषिक्त राणी नव्हत्या. शाहूंचे विवाह छावणीत झाले त्या वेळी त्या वधूबरोबर दासी म्हणून आल्या. आणि बादशहाने नवरी पाहण्याची इच्छा दर्शविली तेव्हा नवरीच्या जागी त्यांना पाठविण्यात आले, अशी हकीकत परंपरेने सांगितली आहे. शाहूंनी हा प्रसंग विसरला नाही. साताऱ्यास आल्यावर सकवारबाई व सगुणाबाई या राण्या असतानाही वाड्यातील मोठेपणा व कारभार विरूबाईंकडे राहिला. त्यांना पोटचे अपत्य नव्हते. पारदच्या लढाईनंतर एका लोखंडे कुळातील विधवेने आपला तान्हा मुलगा शाहूंच्या पालखीत घातला. त्याचे नाव शाहूंनी फत्तेसिंह ठेविले, आणि त्यास विरूबाईंनी मायेने वाढविले. अक्कलकोटचे संस्थान त्याच फत्तेसिंहाच्या घराण्याचे. १७४० मध्ये विरूबाई निवर्तल्या.

राणीपणाचा टिळा नसलेल्या व पोटचे मूल नसलेल्या या बाईंनी आपल्या नावावर देऊळ बांधावे, घाट बांधावा, हे त्या काळास अधिक साजेसे झाले असते. पुण्य पदरी पडले असते आणि ब्राह्मणभोजनात नावही निघाले असते. त्यांनी बांधली ती बागेची विहीर. तिला पिंडीचा आकार देऊन व खांबांवर गणपती-मारुती कोरवून त्यांनी देवासही स्थान दिले. परंतु विहिरीभोवती जे फेरे घालावयाचे ते बैलांनी, आणि तीर्थ जावयाचे ते झाडांच्या मुळांशी. वाईचे घाट यानंतर पुष्कळ वर्षांनी, रास्त्यांच्या व पेशवाईच्या ऐन भरभराटीत सजले. त्या वैभवाच्या आधी, राज्याची घडी नुकतीच बसत असता, याच कृष्णेच्या खोऱ्यात दगडी बांधकामाचे उत्तम कसब शेतीच्या कामास लागले होते, हे विसरता कामा नये.

आता एक तुलना करून पाहू. अठराव्या शतकातच औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यानजीक पाणचक्की चालू होती. कोसांवरील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी जमिनीखालून आणून उंच भिंतीवर चढविले आहे. तेथून ते खाली पडते, त्याच्या जोराने पात्यांचे चाक फिरते आणि चाकाबरोबर जाते फिरते. दर्ग्यातील फकिरांचे व यात्रेकरूंचे पीठ त्यावर निघे. तेथे पाणी राबते आणि दगड फिरवते. लिंबला बैल राबतो आणि पाणी फिरवतो. एकीकडे पाणी चाकर आहे, दुसरीकडे ते धनी आहे. तरी दोन्ही वास्तूंचे पुढील प्राक्तन एकच. त्या कामासाठी जन्मल्या आणि शोभेपुरत्या उरल्या. फरक इतकाच की, पाणचक्कीत निदान चाक डोळ्यांपुढे आहे, त्यामुळे पाहणाऱ्यास यंत्राची आठवण राहते. लिंबला चाके, कणे, नाडे, मोटा हे सारे लाकडाचे, दोराचे व कातड्याचे असल्यामुळे गेले. दगड तेवढा राहिला.

हा बदल कसा झाला? विसाव्या शतकात याच कृष्णेच्या खोऱ्यात, खाली किर्लोस्करवाडीस, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना वसविला. तेथे प्रथम लोखंडी नांगर निघाले आणि पुढे पाणी उपसण्याचे पंपही. तेलाचे इंजिन आले, मागून वीज आली, वाईच्या वर धोमला धरण होऊन कालवे निघाले. मोट हळूहळू विहिरींवरून उतरली आणि म्हणींत व गाण्यांत जाऊन बसली. त्याबद्दल शोक करावा असे आम्हांस वाटत नाही. भर उन्हात दिवसभर पाठमोरी धाव चढणाऱ्या बैलांची व त्यांच्या मागे राबणाऱ्या माणसाची ज्यास आठवण आहे, तो पंपास दोष देणार नाही. परंतु पंपाने एक गोष्ट घडविली. त्यास ना धाव लागते, ना थारोळे, ना विहिरीचे रुंद तोंड. एक नळ पाण्यात सोडला की काम झाले. मोट गेली त्याबरोबर त्या बांधकामाचे कारणही गेले. विहिरीचा एकही दगड न हलविता तिच्यातील सर्वांत मोठा फेरफार असा झाला. काठ ओसाड पडला आणि महाल मुख्य झाला. पाहणाऱ्याची पाठ बैलांच्या वाटेकडे आणि तोंड शिल्पाकडे झाले.

म्हणूनच या विहिरीच्या जपणुकीचा विचार करताना केवळ खांब व कमानी यांकडे पाहून भागावयाचे नाही. काठाभोवतीची जमीन, धावांच्या जागा, थारोळ्यांच्या व पाटांच्या खुणा हा तिचा अर्धा देह आहे. महाल पडला तर हळहळणारे शेकडो मिळतील. धावेच्या जागी सपाट फरशी झाली तर कोणाच्या ध्यानातही यावयाचे नाही, आणि विहीर मात्र मुकी होईल. ज्यांनी मोट हाकली आहे अशी माणसे गावोगाव अजून थोडीफार आहेत. त्यांना काठावर उभे करून, या जागेला काय म्हणत, येथे काय होते, हे विचारून लिहून ठेवणे, हे शिलालेख वाचण्याइतकेच इतिहासाचे काम आहे. शिलालेख उद्याही वाचता येईल. त्या माणसांना उद्या विचारता येणार नाही.

शेवटी एका गोष्टीचे आम्हांस नवल वाटते. विरूबाईंचे नाव व शक दगडाने राखला. परंतु लोकांनी या विहिरीस विरूबाईंची विहीर म्हटले नाही, शाहूमहाराजांची विहीर म्हटले नाही, महालाची विहीर म्हणूनही ती ओळखली जात नाही. मोटा गेल्या, बैल गेले, तरी लोकांच्या तोंडी ती बारा मोटांचीच राहिली. बांधविणारीची आठवण दगडाकडे व कामाची आठवण जिभेकडे, अशी वाटणी झाली आहे. पंडितांनी दगड वाचताना शकाचा सन केला. अडाणी म्हटलेल्या लोकांनी मात्र आपल्या वाट्याची आठवण तीनशे वर्षे एका आकड्याचाही फरक न करता सांभाळली. वाईहून साताऱ्यास जाणाऱ्या वाचकांनी कधी लिंबला वाट वाकडी केली, तर महालात उतरण्यापूर्वी काठावरून एक फेरी घालावी आणि बैल कोणत्या अंगाने पळत असत, ते आधी पाहावे.